नामशेष कुळाचा खण

बाबा गोगलगायींचे अभ्यासक होते आणि पक्के हट्टी होते. आमच्या संग्रहालयातल्या एका खणात जमिनीवर राहणाऱ्या गोगलगायींच्या एका कुळाचे जीवाश्म आहेत: चण्याएवढे दगडी शंख, प्रत्येकाच्या तोंडाशी तीन बारीक दात. हे कुळ कोट्यवधी वर्षांपूर्वीच संपलं असं सगळे म्हणत, आणि बाबा म्हणत, "शंखावरून कुळ कळतं, ते संपलं की नाही ते कसं कळणार? नीट शोधलंय कुणी?" लोक हसत. जिवंत गोगलगाय काही बाबांना शेवटपर्यंत सापडली नाही.

ते गेल्यावर घरात दूध येणं बंद झालं, कारण आई आणि मी दोघीही कोरा चहा पिणाऱ्या. त्यांची जागा मला मिळाली, आणि वर्गीकरण नव्याने लावताना त्या खणात 'नामशेष' अशी चिठ्ठी मलाच ठेवावी लागली. फार वाईट वाटलं, पण पुराव्यापुढे मुलीचं काही चालत नाही.

पुढच्या आठवड्यात पाहिलं तर चिठ्ठीवर कुळाचं नाव, खडकाचा थर, वय, सगळं शाबूत होतं. तेवढाच शब्द कुरतडलेला होता, आणि कडा ओलसर होत्या.

"झुरळ असेल, मॅडम," शिपाई म्हणाला.

"वाचता येणारं?"

तो हसला आणि औषध फवारून गेला.

गोगलगायी कागद खातात हे खरं, पण खणात होते ते दगड. दुसऱ्या चिठ्ठीचंही तेच झालं. खरं तर मी घाबरायला हवं होतं, पण मला नुसतं कुतूहल वाटत होतं, शेवटी रक्त बाबांचंच. तिसऱ्या चिठ्ठीवर मी 'नामशेष'पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तिला कुणी तोंड लावलं नाही. त्या दिवशी मी खणापाशी बसून पोटभर रडले आणि मग मला हसूही आलं, गेल्यावरही माझी चूक सुधारून घेतली म्हणायची त्यांनी.

संध्याकाळी खणाला कुलूप लावून निघाले. जिन्यापाशी बाबांचा फोटो लावलेला आहे, त्याखाली कागदाची पट्टी: 'दिवंगत', मग नाव, मग हुद्दा. नाव होतं, हुद्दा होता. पहिला शब्द नव्हता.

पट्टीची कड बोटाला ओली लागली, तेवढ्यात आईचा फोन आला. आवाज नेहमीचाच, जरा घाईतला.

"निघालीस का गं? येताना दूध आण."