शनिवारचे तीन ठोके

मी घर तापवणारी एक जुनी लोखंडी भट्टी आहे, मित्रांनो, आणि माझ्या उबेत एक बाई मरण पावली आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमची फसवणूक व्हायला नको. एकदा एका चांगल्या बाईची फसवणूक झाली होती, आणि त्यात माझा आवाज वापरला गेला होता.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, थंड झाल्यावर ठोकून बाहेर काढलं आणि ओताऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मला एक दार दिलं, दाराखाली राखेचा खण दिला, आणि मागे धूर जाण्यासाठी पाइप. पाइप सरळ वर जातो, छताजवळ वळतो आणि भिंतीतून बाहेर पडून धुराड्याला मिळतो. पाइपात एक झडप आहे. ती उघडली की जाळ भडकतो, थोडी मिटली की लाकूड सावकाश जळतं. एवढाच माझा संसार. मी आले एका सुताराच्या घरी. त्या गावात वर्षातले सहा महिने इतकी थंडी असते की बादलीतलं पाणी सकाळी फोडून घ्यावं लागतं.

सुताराचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याने मला मधल्या खोलीत बसवलं आणि बायकोला म्हणाला, "लाकडं मी आणीन. बाकी तू आणि ती बघून घ्या."

"म्हणजे राख, काजळी आणि काळे हात माझे," बाई म्हणाली.

"हात धुता येतात की."

"तुम्हाला येतात का ते बघायचंय."

असं ते बोलत. भांडण नव्हतं ते. त्यांची ती रीतच होती.

बाईने मला मनापासून सांभाळलं. राख काढायची तर पत्र्याच्या बादलीत, झाकण लावून, आणि बादली अंगणात दगडावर ठेवायची. राखेत निखारा दोन दोन दिवस जिवंत राहतो, हे तिला ठाऊक होतं. माझ्या दाराच्या कडेला जाड दोरी बसवलेली असते, ती झिजली की तिथून धूर झिरपतो. ती दर हिवाळ्याआधी दारात कागदाचा कपटा धरून दार लावायची. कपटा ओढल्यावर सुटून आला की नवी दोरी. लाकूड वर्षभर वाळलेलंच हवं. ती दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघायची आणि ओलं निघालं की सरळ परत पाठवायची. नवऱ्याने आणलेलं असलं तरी.

"अहो, हे अजून झाडच आहे," ती म्हणायची. "पुढच्या वर्षी आणा."

पण तिचं खरं काम असायचं शनिवारी सकाळी, मी थंड असताना. ओलसर किंवा कोंडलेल्या जाळाने पाइपात काजळी धरते. आधी भुकटीसारखी असते, तोवर ब्रशने पडते. तिकडे दुर्लक्ष केलं की ती डांबरासारखी चकचकीत होऊन चिकटून बसते, आणि पाइप आतून बारीक होत जातो. ते बाहेरून कधीच दिसत नाही. म्हणून बाई पाइप वाजवून बघायची. सुताराने तिला मोडक्या खुर्चीच्या पायाची एक लहान मोगरी करून दिली होती. ती पहिला ठोका पाइपच्या तळाला द्यायची, दुसरा मध्यावर, आणि तिसरा स्टुलावर चढून छताजवळच्या वळणावर. त्या वळणाला ती कोपर म्हणायची. काजळी सगळ्यात आधी तिथेच अडकते. आतून मोकळं असलं की मी टण्ण वाजते. भरलेलं असलं की थप्प. तळाचा आवाज जाड, मधला त्याहून हलका आणि कोपराचा सगळ्यात बारीक. थप्प आवाज आला की तीन स्क्रू काढून ती पाइप उतरवायची, डोक्याला फडकं बांधून तारेचा ब्रश फिरवायची, आणि दुपारपर्यंत तिच्या फक्त डोळ्यांचाच रंग ओळखू यायचा.

"वैद्याने नाडी बघावी तसं चाललंय," सुतार हसायचा.

"तुमची बघत नाही, कारण तुम्ही ओरडून सांगता कुठे दुखतंय ते. हिला बोलता येत नाही."

एकतीस वर्षं हे असं चाललं. त्यांची मुलगी माझ्यासमोर रांगली, माझ्यावर मोजे वाळवत मोठी झाली आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली.

मग एका सकाळी, राखेची बादली घेऊन अंगणात जाताना, बाई गोठलेल्या पायरीवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी बसवलं, पण म्हणाले, तीन महिने पलंग सोडायचा नाही. तिचा पलंग माझ्या शेजारच्या खोलीत, उबेला ठेवला. मधलं दार उघडंच असे. पलंगावरून तिला मी दिसत नव्हते, पण ऐकू यायचे.

सुतार वाईट माणूस नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तिचं अंग पुसायचा, केस विंचरायचा, आणि विंचरताना म्हणायचा, "लाकडाला रंधा मारणं सोपं आहे यापेक्षा." पण अंगणापलीकडच्या कामाच्या शेडमध्ये शाळेच्या बाकांचं मोठं काम अडलेलं होतं, आणि माझी कामं त्याच्या अंगवळणी नव्हती. पहिल्या शनिवारी बाईने आतून हाक मारली.

"अहो, वाजवलीत का तिला?"

त्याने मोगरी घेतली. एक ठोका तळाला, एक मध्यावर आणि मग स्टूल ओढून कोपरावर. टण्ण.

"ऐकलं," ती आतून म्हणाली. "छान आहे."

दुसऱ्या शनिवारीही तसंच झालं. पाचव्या का सहाव्या शनिवारी कोपराचा आवाज थप्प आला. आधीच एक खांदा दुखत होता, बाकांना सरस लावायचा राहिला होता, आणि पाइप उतरवून ब्रश मारायचा म्हणजे अर्धा दिवस मोडणार होता. सुतार स्टुलावर तसाच उभा राहिला.

"काय झालं?" बाईने विचारलं. "तिसरा नीट ऐकू नाही आला."

तो स्टुलावरून उतरला. वाकून त्याने पुन्हा एकदा माझ्या तळाला ठोका मारला. तिथे पाइप मोकळा होता. मी टण्ण वाजले.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. ठोकाल तिथे वाजणं एवढंच मला येतं.

"ऐकलं," बाई म्हणाली.

त्याने वेळ मारून नेली. पुढच्या शनिवारी नक्की करू, असं त्याच्या मनात असणार. पण पुढच्या शनिवारी त्याने स्टूल ओढलंच नाही. तीनही ठोके तळालाच मारले.

"आज तिन्ही सारखेच वाजले," बाई आतून म्हणाली.

"मोकळं आहे, म्हणजे सारखंच वाजणार," तो म्हणाला.

"असं होतं का कधी?"

"अगं, मी काय आज पहिल्यांदा पाइप बघतोय?"

तिने मान्य केलं. एकतीस वर्षं त्याच्याबरोबर काढली होती. पलंगावर पडून दुसरं काय करणार होती?

त्यातच रचलेलं वाळकं लाकूड संपलं. पुढच्या वर्षाची रास तिनेच लावायची असायची, ती यंदा लागली नव्हती. सुतार शेडमधले ओले तुकडे आणून मला घालू लागला. ज्या माणसाने आयुष्यात ओल्या लाकडाचं साधं स्टूल केलं नाही, त्याने ते ढिगाने माझ्या पोटात घातलं. घर लवकर गार होऊ नये म्हणून झडप मिटलेली ठेवू लागला. माझ्या दाराची काच काळी झाली. खिडक्यांना आतून पाणी सुटू लागलं. मी माझ्या परीने सगळं दाखवत होते.

मग बाईचं डोकं दुखू लागलं. दुपारी तिला मळमळायचं. ऊन पडलं की सुतार तिला उचलून अंगणातल्या खुर्चीत बसवायचा, तेव्हा तिला बरं वाटायचं.

"बाहेर आलं की डोकं उतरतं बघा," ती म्हणाली.

"माझ्यापासून लांब बसलं की उतरतं, असं म्हण."

"तेही आहे," ती म्हणाली, आणि दोघं हसली. ते मी उघड्या दारातून ऐकलं. त्यानंतर ती दोघं एकत्र हसलेली मला आठवत नाहीत.

त्या दिवशी वारा अगदी पडलेला होता. ढग छपरांना टेकले होते आणि धूर वर जायला तयार नव्हता. जेवण झाल्यावर सुताराने निखारे एकत्र ओढले, झडप आणखी मिटली, बाईला चष्मा आणि विणकाम दिलं आणि तो शेडमध्ये गेला. थोड्या वेळाने पाइपच्या वरच्या अंगाची एक खपली सुटली आणि कोपरात येऊन बसली. आधीच तिथे फार जागा नव्हती. आता मुळीच उरली नाही.

निखाऱ्यांना धूर नसतो. त्यांच्यातून जो वायू निघतो त्याला रंग नाही आणि वासही नाही. त्याला बाहेर जायला वाट मिळाली नाही, म्हणून तो दाराच्या झिजलेल्या दोरीतून खोलीत आला आणि उघड्या दारातून तिच्याकडे गेला. मी तापलेलीच होते. मी तिला ऊब देत राहिले.

चार वाजता सुतार चहासाठी आला. बाई चष्मा लावून मान कलती करून बसली होती, आणि तिच्या गालांवर छान लाली होती. कित्येक दिवसांत तिला इतकं तजेलदार पाहिलं नव्हतं त्याने. ती लाली त्या वायूने येते, हे त्याला ठाऊक नव्हतं. झोप लागली आहे असं समजून त्याने तिचं पांघरूण वर ओढलं, हळूच चष्मा काढला, आणि खुर्ची घेऊन जवळ बसला. हळूहळू त्याचंही डोकं जड झालं.

शेजारची शिंपीणबाई त्याचा उसवलेला कोट शिवून परत द्यायला आली नसती, तर माझी गोष्ट इथेच संपली असती. तिने दार उघडलं, दोघांना पाहिलं, आणि सगळ्या खिडक्या धडाधड उघडल्या. सुताराला तिने बखोट धरून अंगणात ओढलं. बाईसाठी उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाचा माणूस आला. त्याने कोपर सोडवला आणि खिडकीशी उजेडात धरला.

"यातून पेन्सिलसुद्धा जाणार नाही," तो म्हणाला. "शेवटचं साफ कधी केलं होतं?"

सुतार जमिनीकडे पाहत होता. "दर शनिवारी बघत होतो," तो म्हणाला.

मुलगी आली. रडून झाल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली. मी तिला लहानपणापासून ऊब दिली होती, पण त्या दिवशी तिने माझ्याकडे जसं पाहिलं तसं कोणी पाहू नये.

"बाबा, ही आजच्या आज बाहेर काढायची. हिने आईला नेलं."

"जुनीच झाली होती," शेजारी कोणी म्हणालं. "जुन्या लोखंडाचा काय भरवसा."

सुताराने निरोप धाडला. भंगारवाले दोघं हातगाडी घेऊन आले. त्यांनी माझे पाय सोडवायला सुरुवात केली. मला वाटलं, असू दे. मी गेले तर हा माणूस मुलीच्या नजरेत वाचेल, आणि माझं काय, मी पुन्हा वितळेन.

तेवढ्यात त्याने भंगारवाल्याच्या हातातला पाना धरला.

"थांबा," तो म्हणाला. "ही खरं वाजली होती. मी खोटं वाजवलं."

मुलीला कळेना. मग त्याने तिच्यासमोर मोगरी घेऊन तळाला तीन ठोके मारून दाखवले. "हे तुझ्या आईला ऐकवलं. सहा शनिवार." मग स्टूल आणून कोपराच्या जागेकडे बोट केलं. "इथे मारायचा होता."

भंगारवाले टोप्या हातात घेऊन निघून गेले. मुलगी आईच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी जाताना ती वडिलांशी एकच वाक्य बोलली. "ती विचारत होती ना तुम्हाला?"

"विचारत होती," तो म्हणाला.

त्यानंतर सुताराने मला पूर्ण उतरवलं. पाइप, कोपर, धुराडं, सगळं तारेच्या ब्रशने घासलं. नवी दोरी बसवली आणि दारात कपटा धरून ओढून पाहिला. उरलेल्या ओल्या लाकडाची रास अंगणात छपराखाली लावली. तिला पुढच्या वर्षापर्यंत हात लावणार नाही तो. खोलीत वायू ओळखून किंचाळणारं लहानसं यंत्रही आणून भिंतीला लावलं. हे सगळं त्याला आधी येत नव्हतं असं नाही.

आता दर शनिवारी सकाळी, मी थंड असताना, तो मुलीला फोन लावतो. ती उचलते, पण काही बोलत नाही. तो फोन शर्टाच्या खिशात उभा ठेवतो आणि मोगरी घेतो. पहिला ठोका तळाला, दुसरा मध्यावर. मग स्टुलावर चढतो, त्याला आता वेळ लागतो, आणि तिसरा कोपरावर. जाड, हलका, बारीक. मग तो मधल्या दाराकडे तोंड करून उभा राहतो, सवयीने. तिथे पलंग नाही.

खिशातून आवाज येतो, "ऐकलं." आणि फोन बंद होतो. अजून तरी ती त्याच्याशी एवढंच बोलते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल, तर तिच्या पाइपाला हात पोचेल तिथेच मारून समाधान मानू नका. स्टूल आणा. आणि आतल्या खोलीतून कोणी विचारलं, नीट आहे ना, तर आधी वर चढा आणि मग उत्तर द्या.