वरचे अर्धे दार

मी एक जुने दार आहे. खरे तर दोन. कमरेइतक्या उंचीवर मला आडवे कापलेले आहे. वरचा अर्धा भाग वेगळा उघडतो, खालचा वेगळा. वाईट वाटून घेऊ नका मित्रांनो, मी जन्मालाच तसे आले.

इंग्लंडात, सॉमरसेटमधल्या नेदरकूम खेड्यात, चर्चच्या खालच्या अंगाला, एक बुटके दगडी घर आहे. त्याच्या स्वयंपाकघराचे मी दार. वादळात पडलेल्या एका ओक वृक्षातून एमॉस टकेट सुताराने मला घडवले. घरमालकीण त्याला म्हणाली होती, "कोंबड्या आत यायला नकोत, पोर बाहेर जायला नको, आणि मला मात्र रस्ता दिसला पाहिजे." एमॉसने दाढी खाजवली आणि करवत उचलली.

त्या करवतीने गावाला एक रीतही दिली. माझे वरचे अर्धे उघडे असले की समजावे, आधण ठेवलेले आहे, चहाला या. बंद असले की समजावे, घरात कुणी आजारी आहे, झोपले आहे किंवा नवराबायकोचे वाजले आहे. मुकाट्याने पुढे जा. ही रीत कुणी लिहिली नाही आणि कुणी मोडलीही नाही. माझ्या खालच्या भागाची वरची कड पाहा, कशी गुळगुळीत झाली आहे! ते रंध्याचे काम नव्हे. गप्पा मारताना टेकलेल्या कोपरांचे आहे.

शेवटी घरात टॅपस्कॉट आजी एकट्या उरल्या. गुडघ्यांना जिना झेपेना, तेव्हा त्यांनी समुद्राकाठी लेकीकडे जायचे ठरवले आणि घर विकायला काढले. घरांचा दलाल मिस्टर प्रिडी गिऱ्हाइके घेऊन येऊ लागला. एक उंच गृहस्थ आले, चौकटीवर डोके आपटून घेतले आणि म्हणाले, "हे दार काढून इथे मोठी काच बसवू." माझ्या बिजागऱ्या गारठल्या.

"काच काय, आरसा लावा," आजी म्हणाल्या. "पण दुसऱ्या घरात."

मग ब्रिस्टल शहरातून रोवेना आणि गॅरेथ हे जोडपे आले, छोटी लेक इडा कडेवर. खाली ठेवताच इडाने माझ्या फळीला धरले, डगमगत उभी राहिली आणि फटीतून कोंबडी बघून खदखदून हसली. तेवढ्यावर आजींचे ठरले. जाताना त्यांनी रोवेनाला सारे समजावले: पाण्याची कळ कुठे, धुराडे कधी साफ करायचे, कुठला गुलाब कुठवर छाटायचा. माझ्याबद्दल मात्र एक शब्द नाही. श्वास कसा घ्यायचा ते कोण कुणाला सांगते?

हिवाळा आला. माझ्या मधल्या फटीतून बोचरा वारा येई आणि इडाला खोकला झाला. रोवेनाने माझे दोन्ही भाग मधल्या कडीने एकत्र जखडले, फटीत जुन्या पांघरुणाची पट्टी कोंबली. आईच ती, तिचे काय चुकले?

पण बाहेर पायरीवर काय चालले होते ते मी ऐकत होते. शेजारच्या मिसेस व्होल्स सफरचंदे भरून भाजलेला गोड 'पाय' घेऊन येत. मागून पर्सी हकर, भाजीच्या मळ्यातला.

"बंद आहे."

"बंदच असतं."

"शहरातली माणसं, पर्सी. निवांतपणा शोधत आलीत. आपण कशाला मधे मधे करायचं?"

"मी कोबी ठेवला होता पायरीवर. दुसऱ्या दिवशी बघतो तर समोरच्या भिंतीवर! परत केला की हो माझा कोबी!"

आत रोवेना गॅरेथला सांगत होती, "काल कुणाचा तरी कोबी पडलेला पायरीवर. मी भिंतीवर ठेवला, हुडकत येतील बिचारे." आणि मग हळूच म्हणाली, "लोक रोज दाराकडे बघतात आणि मान फिरवून जातात. आपण नकोच आहोत त्यांना."

बाहेरच्या त्या दोघांच्या आणि आतल्या ह्या दोघांच्या मधे, मित्रांनो, फक्त माझी दोन बोटांची जाडी होती. दाराला तोंड नसते म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा हळहळले.

फेब्रुवारीत एका दुपारी रोवेना मला पाठ टेकून जमिनीवर बसली आणि रडली. इडाने आपला ओला बिस्किटाचा तुकडा तिच्या तोंडात घातला. संध्याकाळी ती गॅरेथला म्हणाली, "विकूया हे घर. दिवसभर बोलायला ही एक इडा, आणि तिला एकच शब्द येतो, तोही 'नाही'."

गॅरेथचा जीव त्या घरात गुंतला होता. त्याने चुलीत एक लाकूड सारले. मग म्हणाला, "तू सुखात नसशील तर घर कसलं? बोलव प्रिडीला."

शनिवारी प्रिडी आला, गळ्यात कॅमेरा. ऊन स्वच्छ पडले होते. त्याने मला न्याहाळले. "हे वरचं उघडा हो बाई. खेड्यातलं घर म्हणून लोक अशाच फोटोवर भाळतात."

कडी गंजली होती. रोवेनाने ओढली, गॅरेथने ठोकली, आणि कुरकुरत माझे वरचे अर्धे उघडले. ऊन थेट चुलीपर्यंत गेले. प्रिडी अंगणात मागे सरकून कॅमेरा रोखतो न रोखतो, तोच मधे एक जांभळी टोपी आली.

"बाई, जरा बाजूला होता का?"

"तूच हो बाजूला, सफरचंदाचा 'पाय' गरम आहे," म्हणत मिसेस व्होल्सनी कोपर माझ्या कडेवर टेकले. "काय गं पोरी, बरी आहेस ना? आम्हाला वाटलं, हे दार आता उघडतच नाही!"

रोवेना गोंधळली. "दार? तुम्ही ठोठवायचं ना!"

"बंद दार ठोठवायचं?" म्हातारीने डोळे विस्फारले. "असलं कसं शिकवतात तुमच्या ब्रिस्टलात!"

मग रीत काय ती कळली. रोवेना आधी हसली, मग हसता हसता डोळे पुसू लागली. तोवर पर्सी हजर.

"माझा कोबी का परत केला ते आधी सांगा!"

"तुमचा होता तो? अहो, मला वाटलं कुणाचा तरी पडला!"

"पडला? कोबी काय झाडावरून पडतो?"

प्रिडीने पुन:पुन्हा कॅमेरा उचलला. दर वेळी चौकटीत कुणाची तरी पाठ. शेवटी त्याने कॅमेरा मिटला आणि बशी पुढे केली. इडा पर्सीच्या मांडीवर बसून त्याची मिशी उपटत होती.

सगळे गेल्यावर गॅरेथने विचारले, "मग? प्रिडीला परत कधी बोलवायचं?"

रोवेना कपबश्या धूत होती. "बुधवारी. मिसेस व्होल्स केक करणार आहेत, त्याला आवडतो."

"आणि फोटो?"

"कसला फोटो?"

तेव्हापासून मी रोज सकाळी अर्धे उघडते. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे दार असेल तर त्याला वर्षातून एकदा जवसाचे तेल पाजा, कडी गंजू देऊ नका. आणि शेजारी कुणी नवे राहायला आले, त्यांचे दार बंद दिसले, तर निदान एकदा ठोठावून पाहा. ठोठावल्याने दाराला दुखत नाही. हे खुद्द दारच सांगते आहे, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.