पुरं झालं देवाचं

निजामाच्या राज्यात इजाजत न घेता चार माणसं बोलत बसली, की शिपाई दारात हजर. म्हणून वालूरला भुजंगच्या बैठकीत वादाची मंडळी जमली, तरी टाळ कायम हाताशी असत. बाहेर बूट वाजले की वाद गिळायचा आणि अभंग सुरू करायचा. देव न मानणारा वैजीनाथच सगळ्यांत खड्या आवाजात गायचा. शिपाई वळला रे वळला, की टाळ खाली आपटून म्हणायचा, "पुरं झालं देवाचं! आता बोला लेको!"

"मी गेल्यावर भजनं लावू नका," असंही त्यानं बजावलं होतं. "माझं कुठं कुठं चुकलं, त्याच्यावर भांडा."

तो तापानं गेला. तेराव्याला मंडळी भांडायलाच जमली होती. तेवढ्यात बूट वाजले. टाळ उचलावे लागले.

बूट केव्हाच वेशीकडं निघून गेले. सगळे भुजंगकडं बघू लागले. वैजीनाथला जन्मभर आडवा जाणारा तोच. पण आता खोडायचं कुणाला?

‘पुरं’ म्हणायला भुजंगनं तोंड उघडलं, आणि त्यातून पुढचा अभंग निघाला.