दोनशे बारा मिलिमीटर

लातूरच्या दुकानदारानं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण उघडून आत एकदा पाहिलं आणि परत लावून टाकलं.

"काका, हा डबा भंगारात द्या. दहा वर्षं झाली ह्याला. ग्राफिक्स कार्ड टाकायचं म्हणता, पण नवीन मशीनच घ्या की."

वाद घालायची रेणुकादास मुरुडकरांची ताकद अलीकडं संपत आली होती. त्यांनी कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळलं आणि रिक्षात मांडीवर घेतलं. त्यांचा चेहरा बघून दुकानदाराला काय वाटलं कोण जाणे, तो मागून रस्त्यापर्यंत आला. "जुनंच जगवायचं असंल तर नांदेडला एक पंचशीला मॅडम हायेत. नंबर देऊ का?"

रेणुकादासांनी नंबर घेतला.

ते आकृत्या काढायचे. हीच त्यांची नोकरी आणि हीच त्यांची ओळख. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते, एका इंजिनिअरच्या हाताखाली ड्राफ्ट्समन. पुढची दोन-तीन वर्षं पुनर्वसनाच्या कामावर गेली. पडलेल्या घरांची मापं घ्यायची, नव्या गावठाणाचे नकाशे काढायचे. माणसं ढिगाऱ्यावर उभी राहून सांगायची, इथं न्हाणी होती, इथं धान्याचं बळद होतं, इथून माळवदावर जिना जायचा. रेणुकादास ऐकत आणि तुटक रेघांनी काढत. ते नकाशे सरकारी फायलीत कुठंच लागणार नव्हते, पण नाही म्हणवत नव्हतं. ते काम संपलं त्या सुमारास लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. एका क्लासला नोट्ससाठी आकृत्या हव्या होत्या. बेडकाचं हृदय, भिंगातून जाणारे किरण, किडनी, पानाचा छेद. तेव्हापासून सव्वीस वर्षं ते तेच करत होते. क्लास दोन खोल्यांतून पाच मजल्यांवर गेला. रेणुकादास मात्र घरच्या टेबलावरच राहिले. आधी शाई, मग कॉम्प्युटर, एवढाच काय तो बदल.

यंदा क्लासचे संचालक बालाजी सर म्हणाले होते, "मुरुडकर, आता मुलांना हलणारं चित्र लागतंय. थ्रीडी. जूनपर्यंत तीस धडे करून द्या. जमत नसंल तर बाहेरची एक कंपनी तयार व्हिडिओ देऊन राहिली."

लॉकडाऊनमध्ये रेणुकादासांनी थ्रीडीचं सॉफ्टवेअर आपलं आपण शिकून घेतलं होतं. हात बसला होता, पण मशीन साथ देत नव्हतं. सकाळी लावलं तर संध्याकाळपर्यंत आठ सेकंदांचं चित्र तयार व्हायचं, तेही नशिबात असलं तर. कॅबिनेटचं झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावावा लागे. पंखा मशीनकडं, म्हणून रेणुकादास आणि त्यांची बायको गोदावरी, दोघं मार्च महिन्यात घामानं भिजत बसत.

"मशीनला वारं, आपल्याला उकाडा," गोदावरी म्हणायची. तिनं शाळेत तेहतीस वर्षं नोकरी केली होती आणि आता कशावरच फार चिडत नव्हती. "तीस धडे तुमच्याच्यानं होतात का, हे आधी ठरवा. मग कार्ड घ्या."

"कार्ड आल्याशिवाय कसं कळणार?"

रेणुकादासांनी नांदेडचा नंबर लावला.

पंचशीला फोनवर मोजकं बोलली. कॅबिनेट बसमधून आणू नका, हार्ड डिस्क हलते, असं म्हणाली. आतली जागा मोजा, आत वीज देणाऱ्या लोखंडी डबीवर, म्हणजे सप्लायवर, जो कागद चिकटवलेला असतो त्यावर किती वॅट लिहिलंय ते उतरवा, आणि मॉनिटरची वायर कोणत्या रंगाची आहे ते बघा.

रेणुकादासांनी कॅबिनेट आडवं पाडलं, आतली धूळ ब्रशनं झाडली आणि स्टीलची पट्टी घेऊन बसले. मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत दोनशे बारा मिलिमीटर. रुंदी, खोली, पंख्याची जागा, वायर कुठून येते. मोजता मोजता त्यांनी कागद घेतला आणि सरळ नकाशाच काढला, वरून एक, बाजूनं एक. पेन्सिलनं, पूर्ण मापात. एवढं कुणी मागितलं नव्हतं. पण कितीतरी दिवसांनी हाताला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते निघाले. अहमदपूरपर्यंत उभं राहावं लागलं, मग जागा मिळाली. लोह्याला चहा घ्यायला उतरले नाहीत, कारण उतरून परत चढायचा कंटाळा आला. नांदेडला पोचेपर्यंत कंबर धरली होती.

दुकान एका झेरॉक्सवाल्याच्या मागे होतं. भिंतीला उघडे मदरबोर्ड टांगलेले, टेबलावर सोल्डरिंगची तार. पंचशीला पस्तिशीची असावी. चष्मा कपाळावर सरकवून ती एका लॅपटॉपमध्ये वाकून बघत होती.

"मुरुडकर. लातूरहून आलोय. मापं आणलीत."

त्यांनी कागद उलगडून टेबलावर ठेवला. पंचशीलानं चष्मा डोळ्यांवर घेतला. कागद जवळ ओढून ती एकेक माप बघत गेली. रेणुकादासांना वाटलं, काहीतरी चुकलंय.

"हे तुम्ही स्वतः काढलं?"

"हो."

"कोणत्या क्लासला असता तुम्ही, सर?"

त्यांनी नाव सांगितलं. पंचशीलानं कागदावरच्या एका बाणाच्या टोकावर बोट ठेवलं. बारीक, लांबट, आतून भरलेलं टोक. "हा बाण मी ओळखते. किडनीच्या आकृतीत असेच होते. रक्त आत येतं तिथं एक अन् बाहेर जातं तिथं एक. दोन हजार पाचला मी किनवटहून लातूरला आले होते, त्याच क्लासला. ती आकृती मी शंभरदा तरी काढली असंल."

रेणुकादासांनी टेबलावरच्या तारा, स्क्रू, उघडे बोर्ड पाहिले. पुढं काय झालं हे विचारायची गरज नव्हती. तरी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मग?"

"मग काय, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला दोनदा बसले. न्हाई झालं." तिनं खांदे उडवले. "आईनं गावाकडं बोलावलं, पण मी नांदेडलाच राहिले. एका दुकानात बिलं करत होते, तिथंच दुरुस्ती शिकले."

"त्या आकृतीत..." रेणुकादास अडखळले. "म्हणजे काही अवघड होतं का तिच्यात? समजायला?"

पंचशीला हसली. "आकृतीत काही न्हवतं, सर. मला ते पाठ करायचाच कंटाळा येऊन राहिला होता. काढायला मात्र आवडायचं." तिनं बाहेर तोंड काढून झेरॉक्सवाल्याला दोन चहा सांगितले. "बसा. आता तुमचं बघू."

तिनं दोन कार्डं समोर ठेवली. एक लांबलचक, तीन पंख्यांचं, चमकणारं. दुसरं वीतभर, एका पंख्याचं, बघितलं तर काहीच वाटू नये असं.

"किंमत दोन्हींची जवळपास सारखी. हे मोठं सेकंडहँड हाय. बिटकॉइनसारखी आभासी नाणी काढायला लोकांनी ही कार्डं दिवसरात्र तापवली अन् आता बाजारात फेकली. वेग लई हाय, पण कधी बसंल सांगता येत न्हाई. शिवाय तुमची जागा दोनशे बारा. हे दोनशे सत्तर. पिंजरा कापावा लागंल. अन् ह्याला विजेची वेगळी वायर लागते. तुमच्या सप्लायवर साडेचारशे वॅट लिहिलंय, पण ते खरं धरू नका. तोही बदलावा लागंल."

"आणि हे?"

"हे नवीन हाय. तीन वर्षांची वॉरंटी. वेगळी वायर लागत न्हाई, आहे त्या खाचेतून वीज घेतं. तुमच्या प्रोसेसरला एवढंच झेपतं. मोठं दिलं तर ते अर्धा वेळ नुसतं वाट बघत बसंल." तिनं कप पुढं सरकवला. "एक सांगा सर, किती वर्षं चालवायचंय अजून?"

रेणुकादासांनी कप उचलला. किती वर्षं? तीस धडे, मग पुढच्या वर्षी नवा अभ्यासक्रम, मग पुन्हा तीस. डोळ्यांचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलत होता. उजव्या हाताचा अंगठा सकाळी वळत नसे.

"मशीनबद्दल म्हणून राहिले मी," पंचशीला म्हणाली.

"कळलं मला." त्यांनी कप खाली ठेवला. "दोन वर्षं. फार तर तीन."

"मग हे लहान घ्या. मोठं घेतलं तर त्याच्यासाठी सप्लाय बदलाल, मग प्रोसेसर बदलाल, मग बोर्ड. संपत न्हाई ते."

रेणुकादासांनी मोठं कार्ड हातात घेऊन पाहिलं. जड होतं. खरं सांगायचं तर तेच घ्यायचं असं मनात ठरवून ते बसमध्ये चढले होते. तीस धडे त्याच्यावरच झाले असते. त्यांनी ते सांभाळून परत ठेवलं आणि लहानाकडं बोट केलं.

मॉनिटरची वायर निळी आहे म्हटल्यावर पंचशीलानं एक जोडणीही दिली. नव्या कार्डाला निळ्या वायरीचं तोंडच नव्हतं. कार्ड कसं बसवायचं, कोणता स्क्रू आधी काढायचा, हे तिनं एका रिकाम्या कॅबिनेटवर दोनदा करून दाखवलं. निघताना तिनं विचारलं, "हा कागद ठेवून घेऊ का? गिऱ्हाइकांना दाखवते, मापं अशी आणायची म्हणून."

"ठेवा," रेणुकादास म्हणाले.

घरी येऊन त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी कार्ड बसवलं. गोदावरीनं बॅटरी धरली. खाचेत बसताना बारीक आवाज आला, स्क्रू लागला, झाकण लागलं. मशीन सुरू केलं तर पंखा फिरतोय पण पडदा काळा. रेणुकादास खुर्चीत बसूनच राहिले. गोदावरीनं त्यांच्या फोनवरून पंचशीलाला लावलं.

"निळी वायर जुन्याच जागी लावली का?" पलीकडून प्रश्न आला.

तसंच झालं होतं. वायर काढून जोडणीतून नव्या कार्डाला लावली आणि पडदा उजळला. गोदावरीनं बॅटरी बंद केली आणि टेबलफॅन उचलून आपल्याकडं वळवला.

पहिल्या धड्यासाठी त्यांनी किडनीच घेतली. ज्या कामाला अख्खा दिवस लागायचा ते आता पाऊण तासात होऊ लागलं. रक्त आत येताना, गाळलं जाताना, बाहेर पडताना, सगळं दिसत होतं. पण मशीनचा वेळ वाचला, माणसाचा नाही. आकार घडवायला, रंग ठरवायला, चूक शोधायला तेवढेच दिवस लागले. एक धडा व्हायला अठरा दिवस. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहिलं आणि मग उगाच परत पाहिलं नाही.

सोमवारी ते बालाजी सरांच्या केबिनमध्ये गेले. खाली नव्या बॅचच्या पालकांची रांग लागली होती, जिन्यात ट्रंका आणि गाद्या. सरांनी किडनी दोनदा पाहिली.

"चांगलं झालंय. बाकीचे कधी?"

"सर, तीस होणार नाहीत माझ्याच्यानं. पाच होतील. कोणते पाच ते तुम्ही सांगा, मुलांना जे अजिबात समजत नाहीत ते. बाकीचे कंपनीकडून घ्या."

बालाजी सरांनी डोळे चोळले. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"कंपनीवाला म्हणतो सगळेच घ्या, न्हाईतर सवलत न्हाई."

"मग तसं करा. मी आता थांबतो, काम सोडतो."

"थांबू नका." सरांनी समोरचा कागद ओढला. "पाच द्या. जीवशास्त्राच्या देविका मॅडमला विचारतो कोणते. पण जूनपर्यंत द्या."

"जुलै."

"बरं, जुलै."

रेणुकादास पायऱ्या उतरून खाली आले. घरी पोचले तेव्हा एक वाजला होता. गोदावरीनं ताटं वाढली होती.

"काय म्हणाले?"

"पाच."

"तीसचे पाच?"

"हाव."

तिनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली. जेवण झाल्यावर त्यांनी मशीन लावलं नाही. सव्वीस वर्षांत भर दुपारी, कामाच्या दिवशी, ते पहिल्यांदाच आडवे झाले आणि चार वाजेपर्यंत त्यांना कुणी उठवलं नाही.