तारविकासमोरची रेषा

सुन्निवा हौगलांद आमच्या सागरी नकाशांच्या कचेरीत रुजू झाली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. साल १९९३. जुने नकाशे संगणकावर उतरवायचं काम नुकतंच सुरू झालं होतं आणि त्यासाठी लागणारी रेखाटनाची चौकट तिने लिहायची होती. चौकट म्हणजे स्क्रीनवरचाच एक तुकडा. त्यात मोजणीचा जुना कागद दिसायचा आणि त्याच्यावर माउसने रेषा ओढायची. बटण दाबलं की चौकटीला निरोप जातो, माउस जरा हलला की निरोप जातो, बटण सोडलं की शेवटचा जातो. या निरोपांचं काय करायचं, हे ठरवणं सुन्निवाचं काम.

सुरुवातीला रेषा ओढता ओढता माउसचा बाण चौकटीबाहेर गेला आणि बटण तिथेच सुटलं, तर तो निरोप चौकटीपर्यंत पोचतच नसे. बाण परत आत आला की रेषा त्याला चिकटून फरफटत यायची. ते तिने एका दुपारात निस्तरलं. बटण दाबल्यापासून सुटेपर्यंत बाण कुठेही असो, सगळे निरोप याच चौकटीकडे आले पाहिजेत, अशी सोय केली. मग तक्रार आली वेगाची. तेव्हाची यंत्रं मंद, हात पुढे निघून जायचा आणि रेषा मागून यायची. म्हणून हालचालीच्या दर सहा निरोपांतला एक ठेवायचा आणि पाच टाकून द्यायचे असं तिने केलं. रेषा हाताबरोबर धावू लागली. सगळे खूश झाले, आयलर्ट स्कोगवोल सोडून.

आयलर्ट त्रेसष्ट वर्षांचा होता. समुद्राच्या तळाच्या रेषा चाळीस वर्षं त्याने शाईने काढल्या होत्या. तो फारसा बोलायचा नाही. डब्यातला पाव आणि तपकिरी चीज खिडकीशी बसून खायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. एका सोमवारी तो उठून सुन्निवाच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "ही रेषा माझी नाही."

कुठे बिघडलीय, असं तिने विचारलं. ते काही त्याला सांगता येईना. आमचा प्रमुख आस्गौत पलीकडून म्हणाला, "अरे, तुला शाईचे डाग पडत नाहीत म्हणून चुकल्यासारखं होतंय." आम्ही हसलो. आयलर्ट हसला नाही, आणि रागावलाही नाही. नुसता उभा राहिला. सुन्निवाने मला नंतर सांगितलं, की तिला त्याचा वैताग आला होता. तो चुकतोय हे त्याला दाखवून द्यायचं, एवढ्याचसाठी तिने पुढचं सगळं केलं.

तिने चौकटीला एक वही जोडली. माउसचा एकही निरोप टाकायचा नाही, बाण कुठे होता आणि किती वाजता होता ते सगळं लिहून ठेवायचं. मग आयलर्टला म्हणाली, "हाच तुकडा तीनदा काढ. आधीची रेषा बघायची नाही."

तुकडा होता पाच मीटर खोलीच्या रेषेचा, म्हणजे जिथे जिथे पाणी पाच मीटर खोल आहे त्या जागा जोडणारी रेषा. जुनी मोजणी शिसं बांधलेली दोरी सोडून केलेली, त्यामुळे कागदावर खोलीचे आकडे विरळ होते. एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत रेषा कशी न्यायची, हे काढणाऱ्याच्या हातावर असे. आयलर्टने पुढच्या सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी एकेकदा रेषा काढली.

गुरुवारी सकाळी सुन्निवाने तिन्ही रेषा एकमेकींवर ठेवल्या. त्या थोड्याथोड्या वेगळ्या होत्या, माणसाच्या हाताच्या असाव्यात तशाच. मात्र एका जागी तिन्ही एक झाल्या होत्या. तिथे रेषा किनारा सोडून बाहेर झुकत होती, बाक घेऊन परत येत होती, आणि तो बाक तिन्ही वेळा केसाइतकाही हलला नव्हता. कागदावर तिथे एकही आकडा नव्हता. वेळा पाहिल्या तर इतर ठिकाणी हात सरसर गेलेला, इथे मात्र तिन्ही दिवस जवळजवळ थांबलेला. शेकडो निरोप एकमेकांना खेटून आलेले होते, जणू अंधाऱ्या खोलीत कुणी मेजाची कड चाचपत पुढे सरकावं.

तिला आधी आपल्याच लिहिण्यात चूक वाटली. तिने वही तपासली, यंत्र बदललं, शेवटी स्वतःच्या हाताने तीच रेषा काढली. तिची रेषा तिथून सरळ गेली. मग तिने सहातला एकच निरोप ठेवून आयलर्टची रेषा पुन्हा काढली. बाकाचं टोक छाटलं गेलं.

तिने मला बोलावलं. मी पाहिलं. इतकी वर्षं मी त्या हाताशेजारी बसून रेषा काढत आलो होतो.

आयलर्ट आल्यावर तिने त्याला खुर्ची दिली आणि बाकावर बोट ठेवलं. "इथे तू का थांबतोस?"

"मी थांबत नाही."

"तीनही दिवस थांबलायस. हे बघ."

तो वेळांच्या रकान्यावरून खाली नजर नेत राहिला. मग स्क्रीनवरचा तुकडा लहान करायला सांगितलं, अजून लहान, जोवर आजूबाजूची बेटं दिसू लागली. "हे तारविका आहे," तो म्हणाला. "तिथली टपालाची होडी माझी आई वल्हवायची. मी पुढे बसायचो, थैल्यांवर. नऊ वर्षांचा झालो आणि आम्ही ते गाव सोडलं."

"तिथे खडक आहे का?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण आई तिथून सरळ कधी गेली नाही."

आस्गौतने सगळं ऐकून घेतलं. स्क्रीनवरच्या तीन रेषा तो किती तरी वेळ वाकून पाहत होता. थट्टेचं एक अक्षर न काढता त्याने मोजणीच्या बोटीला फोन लावला. बोट ऑगस्टमध्ये शेजारच्याच फियोर्डात, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, जाणार होती. अर्ध्या दिवसाची वाट वाकडी करायला कप्तान तयार झाला.

सुन्निवा, आयलर्ट आणि मी, तिघेही बोटीवर गेलो. सकाळ स्वच्छ होती, पाणी तेलासारखं शांत, आणि वरून पाहिलं तर तिथे कसलीही खूण नव्हती. कप्तानाने बोट अगदी हळू केली. खोली मोजणाऱ्या यंत्रातून कागद सरकत येत होता आणि त्यावर तळाची काळी रेघ उमटत होती. चौदा मीटर. तेरा. पुन्हा चौदा. सुन्निवा माझ्या दंडाला धरून उभी होती. मग रेघ उभी चढू लागली, नऊ, सहा, चार, आणि कप्तानाने घाईने बोट मागे घेतली. छोट्या होडीतून काठी टाकून मोजलं तेव्हा खडकाचा माथा पाण्याखाली पावणेदोन मीटरवर लागला. बाक जिथे होता तिथेच.

आयलर्टने कठड्यावरून खाली पाहिलं. पाण्यातून पिवळसर शेवाळ हलताना दिसत होतं. त्याने टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. कप्तानाने सगळ्यांना कॉफी ओतली, ती कितीतरी वेळ कुणी प्यायली नाही.

परतताना कप्तानाने सुन्निवाला विचारलं, हे तुम्हाला कळलं कसं. "त्याच्या हाताला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी सहातले पाच निरोप फेकून देत होते."

सोमवारी तिने चौकट नव्याने लिहायला घेतली. निरोप सगळे ठेवायचे, एकही गाळायचा नाही, आणि रेषा रंगवायचं काम यंत्राला सवड मिळेल तसं मागाहून करायचं. याला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस आस्गौतने तिला दुसरं काम दिलं नाही. मी कधी तिच्या टेबलापाशी गेलो, तर ती कुणाच्या तरी रेषेच्या वेळा वाचत बसलेली असायची, माझ्यासुद्धा. माझा हात कुठे रेंगाळतो, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.