तीन तांबे पाणी

"बाबा, जरा तो पाइप धरा. आत एक थेंबसुद्धा राहायला नको."

सलील बायकोचा हेअर ड्रायर घेऊन रेडिएटरच्या तोंडाशी वाकला होता. दिगंबर देवस्थळींनी पाइप धरला नाही. ते गॅरेजच्या दाराशी स्टुलावर बसले होते आणि आपला चाळिशीला आलेला मुलगा मोटारीला वाळवतोय, हे बघताना त्यांची मोठी करमणूक होत होती.

"वाळलं की वेणीपण घाल," ते म्हणाले.

सलील हसला. बापाच्या विनोदाला हसायचं हे तो लहानपणीच शिकला होता. न हसलं तर दुसरा विनोद यायचा, आणि तो जास्त लागायचा.

गाडी छप्पन सालची लँडमास्टर. दिगंबररावांनी ती चाळीस वर्षांपूर्वी हावड्याच्या एका कारखान्याच्या आवारातून, गवतातून उचलून आणली आणि स्वतःच्या हातांनी उभी केली. दर जानेवारीत जुन्या गाड्यांची रॅली निघे. मैदानातून स्ट्रँड रोड, हावडा ब्रिज, आणि पलीकडून विद्यासागर सेतूवरून परत. दरवर्षी ब्रिजवरच्या कोंडीत लँडमास्टर उकळायची. मग दिगंबरराव उतरत, झाकणावर ओलं फडकं टाकत, वाफ सोडत, कॅनमधलं पाणी ओतत. बसमधली माणसं खिडक्यांतून टाळ्या वाजवत. गाडी उकळते याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. वर्षातून एकदा टाळ्या मिळायची ती जागा होती.

आणि आता हा न्यू टाउनच्या एसीत बसून कॉम्प्युटर बडवणारा मुलगा बिनपाण्याचं कूलंट घेऊन आला होता.

"हे उकळायला एकशे ऐंशी डिग्री लागतात," सलील सांगत होता. "पाणीच नाही म्हणजे आत गंज नाही. दाबसुद्धा धरत नाही, म्हणून जुने होज फुटत नाहीत. मी झाकणपण बिनदाबाचं बसवलंय."

"आणि रस्त्यात गळलं तर? कोलकात्यातला प्रत्येक नळ माझं सर्व्हिस स्टेशन आहे. तुझं हे तीर्थ कुठल्या नळाला येतं?"

"ते खरंय. वरून पाणी घालून चालत नाही. आणि पाण्याइतकी उष्णता हे ओढत नाही, इंजिन थोडं गरमच राहतं. रोज पळणाऱ्या गाडीला मी सांगितलं नसतं, बाबा. पण आपली वर्षातून दहादा निघते. उभ्या गाडीला पाणीच खातं."

मुलगा पढवलेलं बोलत नव्हता, समजून बोलत होता. हे दिगंबररावांच्या लक्षात आलं आणि आवडलं नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "रॅलीला गाडी तू चालव. न उकळता परत आली, तर चावी तुझी. कायमची. उकळली, तर पुन्हा माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

अठराव्या वर्षापासून सलील ती चावी मागत होता. त्यानं ड्रायर खाली ठेवला, हात पुसले आणि बापाशी हात मिळवला.

मग त्यानं वर जाऊन आईला बजावलं. रॅलीच्या सकाळी शकुनताई एकट्या गॅरेजमध्ये जात, बॉनेटला हळदकुंकू लावत आणि तांब्यातलं पाणी रेडिएटरमध्ये घालत. घरातून बाहेर जाणाऱ्यानं पाणी पिऊन निघावं, असं त्यांच्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तेव्हापासून एकदाही चुकलं नव्हतं.

"आई, यंदा फक्त कुंकू. पाणी अजिबात नाही. पाणी पडलं की सगळं वाया जाईल. एवढं एकच लक्षात ठेव."

"बरं," शकुनताई म्हणाल्या, आणि तांब्या घासून फडताळात पालथा ठेवून दिला.

शुक्रवारी सलीलनं बापाला शेजारी बसवून बजबजपर्यंत चाचणीची फेरी मारली. येताना तारातल्याच्या कोंडीत पाऊण तास अडकले. दिगंबरराव सगळा वेळ तापमानाच्या काट्याकडे बघत होते. काटा नेहमीपेक्षा वर चढला आणि खिळा ठोकल्यासारखा तिथेच थांबला. वाफ नाही, गुरगुर नाही. सलीलनं विचारलं, "कसं वाटतंय?" दिगंबरराव म्हणाले, "बघू." घरी आल्यावर ते जेवताना गप्प होते. ते गप्प असले की त्या घरात सगळे हळू जेवत.

शनिवारी दुपारी शकुनताई आडव्या झाल्या, तेव्हा दिगंबररावांनी फडताळातून तांब्या काढला आणि खुंटीवरून गॅरेजची किल्ली घेतली.

चौतीस वर्षं ते विमा कंपनीत मोटार सर्व्हेअर होते. भरपाईसाठी स्वतःचीच गाडी खड्ड्यात घालणारे, स्वतःच काच फोडणारे किती तरी लोक त्यांनी पकडले होते. समोरच्याला खुर्चीवर बसवून, चहा पाजून, हळूहळू सोलायचे. रडकुंडीला आलेली माणसं त्यांना अजून आठवत. त्यामुळे काय करायचं नसतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी रेडिएटरची खालची तोटी सोडून तीन तांबे कूलंट जुन्या डब्यात काढलं, वरून तीन तांबे पाणी घातलं, इंजिन थोडा वेळ चालवून दोन्ही एकजीव केलं, जमीन पुसली. तांब्या धुऊन पालथा ठेवला. मनाला काही लागलं म्हणावं, तर तसं काही झालं नाही. उलट त्या दुपारी त्यांना छान झोप लागली.

रविवारी शकुनताई नेहमीप्रमाणे नऊवारी, नथ, अंबाडा अशा थाटात सहालाच खाली उतरल्या. एका हातात कुंकवाची कोयरी, दुसरा हात रिकामा. बॉनेटला बोटं लावून झाल्यावर त्या क्षणभर रेडिएटरकडे बघत राहिल्या. मग "यंदा उपाशीच जा हो," असं गाडीला म्हणाल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

सलीलनं गाडी झकास चालवली. स्ट्रँड रोडवर त्यानं एकदा शेजारी बसलेल्या बापाकडे पाहिलं. लहान मूल बक्षीस घेऊन घरी येताना बघतं, तसं. दिगंबरराव काट्याकडे बघत होते.

ब्रिजच्या मध्यावर दोन बस आडव्या झाल्या आणि सगळं ठप्प झालं. दहा मिनिटं गेली. काटा शुक्रवारच्या जागेच्या पुढे सरकला. सलील पुटपुटला, "असं कसं?" आणि तेवढ्यात बॉनेटखालून गुरगुर ऐकू आली. मग गोडसर वासाची वाफ निघाली, भरपूर, दोन्ही बाजूंनी. कुंकवाचे ओघळ खाली उतरले. बसमधून कुणीतरी शिटी मारली. एका चहावाल्यानं पाण्याची बाटली पुढे केली, "दादू, जॉल लागबे?"

"नहीं," दिगंबरराव हसून हिंदीत म्हणाले, "इस गाडी को पानी मना है."

वाफ ओसरल्यावर सलीलनं डिकीतून दुर्बिणीसारखी एक नळी काढली, काचेवर कूलंटचा थेंब ठेवला आणि उजेडाकडे धरून डोळा लावला. पुन्हा पुसून दुसरा थेंब ठेवला.

"यात पाणी आहे," तो म्हणाला. "थोडंथोडकं नाही."

तो आईकडे वळला. शकुनताई पदर सावरत गाडीतून उतरल्या होत्या.

"आई, सकाळी तू एकटीच खाली आली होतीस ना?"

शकुनताईंनी मुलाकडे पाहिलं. आपण पाणी घातलं नाही, मुलानं घातलं नाही, आणि किल्लीला हात लावणारी घरात तीनच माणसं. हिशेब अवघड नव्हता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो कठड्यापलीकडे नदीवरची फेरीबोट बघत होता. बघतच राहिला. तिनं ओळखलंय, हे त्याला मान न वळवता कळलं, आणि आता ती काय बोलते याची तो वाट पाहू लागला.

"हो," शकुनताई म्हणाल्या. "सवयीनं हात गेला रे."

मुलाला आई मूर्ख मिळाली तर तो सोसेल, बाप असा मिळाला तर नाही, एवढंच त्या बाईनं त्या गर्दीत ठरवलं.

"एवढं एकच सांगितलं होतं, आई." सलील म्हणाला. "आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती."

"जाऊ दे रे," दिगंबरराव मोठ्या मनानं म्हणाले. "तिला काय कळतंय त्यातलं."

सलीलनं चावी काढून बापाच्या हातावर ठेवली आणि तो हावड्याच्या बाजूला चालू लागला. शकुनताई नऊवारीत, नथ घालून, ब्रिजवर उभ्या होत्या. रॅली बघायला आलेल्या एका पोरीनं त्यांचा फोटो काढला. त्यांनी काढू दिला.

संक्रांतीला महाराष्ट्र मंडळात सलीलनं ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. आईनं गाडीला पाणी पाजलं म्हणून. एव्हाना त्याचा राग गेला होता, नुसती गंमत उरली होती. सगळे पोट धरून हसले. दिगंबररावांनी मधेमधे तपशील पुरवले. शकुनताई तिळगूळ वाटत होत्या, त्याही हसल्या.

फेब्रुवारीत दिगंबररावांनी ते कूलंट काढून टाकलं, रेडिएटर तीनदा धुतला आणि नळाचं पाणी भरलं. वर थोडी जागा मुद्दाम ठेवली. रविवारी सकाळी त्यांनी जिन्यातून हाक मारली, "अगं, ये. तांब्या आण. आता पाणी चालतंय."

शकुनताई आल्या. साध्या साडीत. हातात काठोकाठ भरलेला तांब्या होता. कुंकू आणलं नव्हतं. त्यांनी तांब्या नवऱ्याच्या हातात दिला.

"तुम्हीच घाला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला जमतं."

महिनाभर त्यांनी एवढंच वाक्य राखून ठेवलं होतं. दिगंबररावांनी पाणी घातलं. थोडं बाहेर सांडलं. शकुनताई शेवटचा थेंब पडेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. मग दिगंबररावांनी रिकामा तांब्या पुढे केला, बायकोनं घ्यावा म्हणून.

"राहू दे तो इथंच," त्या म्हणाल्या. "घरात नको." आणि जिन्याच्या कठड्याला धरून, एकेक पायरी चढत वर गेल्या.

दिगंबररावांनी तांब्या कुठं ठेवावा म्हणून गॅरेजभर पाहिलं. मग तो शेजारच्या सीटवर ठेवला, चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गल्लीच्या वळणावर तांब्या आडवा झाला आणि सीटवरून खाली गडगडला. त्यांनी गाडी थांबवली नाही.