बिनजिन्याचं घर

भित्री मी कधीच नव्हते. नळावर भांडण पेटलं की गल्लीतल्या बायका मला हाक मारायच्या. पण कमरेखालचा जीव गेल्यापासून मला आमच्या घराच्या दाराची भीती वाटते. उठून कडी लावणं मला जमत नाही. बाहेरून कुलूप घालून जावं, तर आत काही झाल्यावर मी बाहेर पडणार कशी? म्हणून सासूबाई बाजाराला जाताना दार नुसतं लोटून जातात. शिवबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्या म्हणते. आत्या गेल्या की मी दाराच्या फटीकडे बघत पडून राहते.

त्या दिवशी ती फट मोठी झाली आणि मंजुनाथ आत आला.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ज्या कारखान्यात मी टॉवेलच्या कडा शिवायचे, तिथला हा सुपरवायझर. माझा नवरा आदिनाथ अजून तिथंच मागावर आहे. मंजुनाथनं इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातली चाकांची खुर्ची ओढली आणि खुशाल तिच्यात बसला. माझ्या खुर्चीत. चाकं धरून पुढंमागं हलत राहिला. मी आधी पायांवरची चादर बघून घेतली. ती सरकली तरी मला कळत नाही, डोळ्यांनीच तपासावं लागतं.

"वैनी, रोज मालकाच्या घरातनं डबा येतोय न्हवं?"

"येतोय की."

"औषिदं बी येत्यात. मग तुमी वकिलाकडं जानार आसं का कानावर येतंय?"

ही गोष्ट मी फक्त आदिनाथशी बोलले होते. म्हणजे एक तर भिंतीला कान होते, नाहीतर माझ्या नवऱ्याला तोंड.

"शान्यानं कोर्टाची पायरी चढू नये, वैनी."

"चढायला पाय कुटं ऱ्हायलेत, दादा?"

जीभ अजून जुनीच होती, पण चादरीखाली हातांच्या मुठी मी घट्ट वळून घेतल्या होत्या. तो हसला. उठताना त्यानं खुर्ची पार दाराजवळ लोटून दिली, माझा हात पोचणार नाही इतकी लांब. मग बाहेर जाऊन मोजायची टेप काढली. "मालकानं सांगितलंय, तुमच्या खुर्चीसाटी रॅम्प करून द्या म्हनून. सुळकन भाईर पडाल बगा." बराच वेळ बाहेरच्या भिंतीवर टेपेची खरखर ऐकू येत होती. आत्या परत आल्या तेव्हा रॅम्पचं ऐकून त्यांनी कारखान्याच्या दिशेनं हात जोडले. मीही, खोटं कशाला सांगू, रॅम्पच्या नावानं सुखावले होते. कितीतरी दिवसांत मी एकटी उंबऱ्याबाहेर पडले नव्हते.

मी पडले ती माल चढवायच्या लिफ्टमधून. त्या लिफ्टमध्ये माणसानं बसायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण गठ्ठे तुंबले होते आणि मंजुनाथ म्हणाला, तूच घेऊन जा वर, काय होत न्हाय. वर पोचता पोचता दोर तुटला. मणका मोडला, आतला मज्जारज्जू चेंगरला. डॉक्टरांनी मान हलवून सांगितलं, आता चालणं नाही. सगळ्या कारखान्यानं मला पडताना पाहिलं होतं. पण दवाखान्यात "कशी पडली?" असं विचारलं तेव्हा आदिनाथनं सांगितलं, "घरच्या जिन्यावरनं."

वाटेत मंजुनाथनंच त्याला बजावलं होतं. कामावर पडली म्हनलास तर पोलीस केस हुईल, तवर दवाखान्यात कोन हात लावनार न्हाय. आदिनाथ इतका घाबरलेला होता, की त्याला सांगितलं असतं तर ती आभाळातून पडली असंही तो म्हणाला असता. त्या दिवसाचा माझा त्याच्यावर राग नाही. राग आहे तो नंतर त्यानं धरलेल्या मौनाचा.

कारण आमच्या घराला जिनाच नाही. दोन खोल्या, वर स्लॅब. जिन्याचं नंतर बघू म्हणून जे राहिलं ते राहिलंच. आत्या कुरडया वाळत घालायला शेजारणीच्या स्लॅबवर जातात आणि दर उन्हाळ्यात तिच्याशी भांडून खाली येतात.

मला पाठीच्या जखमेच्या ड्रेसिंगला नेणारा रिक्षावाला हाशम, त्यानंच अमिना वकिलांचं नाव सुचवलं. आत्यांना ड्रेसिंगचंच सांगून आदिनाथ आणि मी निघालो. वकिलांचं ऑफिस नवी पेठेत, एका कापडदुकानाच्या वर. जिना इतका अरुंद, की मला उचलून घेतलेला माणूस त्यात वळूच शकला नसता. हाशम वर जाऊन सांगून आला, आणि मॅडम स्वतः खाली उतरून रिक्षात माझ्या शेजारी बसल्या. आदिनाथ पुढं हाशमजवळ अंग चोरून बसला. भर बाजारात आमची वकिली सुरू झाली. समोर टॉवेल-चादरींचं दुकान होतं, तिथं आमच्याच कारखान्याचा माल लटकत होता. गल्ल्यावरचा माणूस आमच्याकडे सारखा बघत होता. मी पदर कपाळापर्यंत ओढला. मॅडमनी त्या माणसाकडे एकदाच पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

"कामावर अपघात झाला तर भरपाई मिळणं हा तुमचा हक्क आहे. डबा पाठवला म्हणून तो संपत नाही," त्या म्हणाल्या. "पण दवाखान्यात काय सांगितलंय?"

आदिनाथ समोरच्या दुकानातले टॉवेल बघू लागला. शेवटी मीच सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "तुमच्या घराला जिना कुठल्या बाजूला आहे?"

"जिनाच न्हाय, मॅडम."

"नाहीच?"

"न्हाय. शेजारनीला इचारा, आमच्या आत्यांनी तिचं डोस्कं खाल्लंय जिन्यापायी."

त्या पहिल्यांदा हसल्या. "मग नसलेल्या जिन्यावरून माणूस पडणार कसा? आपली केस इथूनच उभी राहते. पण ते मी सांगून भागणार नाही." त्यांनी आदिनाथकडे बघितलं. "तेव्हा जे सांगितलं ते खोटं होतं, आणि तसं सांगायला कुणी लावलं, हे तुम्हालाच कोर्टात सांगावं लागेल."

"नोकरी जाईल की, मॅडम."

"जाईलही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी उगाच धीर दिला नाही, म्हणून मला त्यांचा विश्वास वाटला, आणि तितकीच भीतीही वाटली. कारखान्यातलं दुसरं कुणी नोकरीपायी तोंड उघडणार नव्हतं; आदिनाथही बोलला नाही तर मी जन्मभर माझ्याच घरच्या जिन्यावरून पडलेली बाई राहणार होते. मंजुनाथला वाटेल तेव्हा तो येणार, माझ्या खुर्चीत बसणार, आणि आम्ही डबा घासूनपुसून परत पाठवत राहणार.

परतताना मी विचारलं, "अहो, मंजुनाथला तुमीच सांगितलं न्हवं?"

"त्यानं इचारलं. मला खोटं बोलाया येत न्हाय, रेश्मा."

"जिन्याचं बरं आलं!"



गल्लीत वळलो तर आमच्या दारात पोरांची गर्दी. वेल्डिंगचा वास अजून हवेत होता. मला वाटलं, रॅम्प झाला. मी मान लांब करून पाहिलं.

दाराला लागून एक लोखंडी जिना उभा होता. जमिनीपासून थेट स्लॅबपर्यंत. आणि तो नवा नव्हता. गंजलेला, कठड्याचा रंग उडालेला, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. कुणाच्या तरी पडक्या घराचा उचलून आणला असावा. पायथ्याचं सिमेंट ओलं होतं आणि त्यावर कुणीतरी माती फासली होती. खालची पायरी इतकी पुढं आली होती, की माझी खुर्ची आता दारातून बाहेर निघालीच नसती.

त्या दिवशी टेप कशाची उंची मोजत होती, ते मला आता कळलं. पायांना काही कळत नव्हतं, पण मानेपासून कंबरेपर्यंत जेवढी मी उरले होते तेवढी थरथरत होते.

"रेश्मा, वर बग!" आत्या स्लॅबवर उभ्या होत्या, आनंदानं नुसत्या फुलल्या होत्या. "जिना दिला गं मालकानं! मी मागितला बी न्हवता!"

हाशमनं रिक्षा बंद केली. काही न बोलता उतरला, बोटानं माती बाजूला केली आणि ओल्या सिमेंटचा मोबाइलवर फोटो काढला. "मॅडमला पाठवतो," तो हळूच म्हणाला.

आदिनाथ जिन्यापाशी गेला. कठड्यावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागं घेतला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याच्या फोनवर पलीकडचं बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू जातं.

"आदिनाथ, बसला का जिना? घर बांदलं तवापासनं हाय म्हनायचं. ध्यानात ठेव. आणि नवी पेठंत फिरायचं बंद कर आता."

माझा नवरा मंजुनाथला आजवर एकच शब्द बोलत आला होता, व्हय. मी तोच शब्द ऐकायची तयारी करून डोळे मिटले. पण ऐकू आली ती त्याची पावलं. डोळे उघडले तर तो रिक्षाजवळ आला होता. माझ्या पायावरची साडी गुडघ्यापर्यंत सरकली होती, मला पत्ताच नव्हता. त्यानं ती खाली ओढून नीट केली. मग फोन कानाला लावला.

"जिना चांगला हाय, मंजुनाथ. पन ती पडली तवा न्हवता. कोर्टात बी मी हेच सांगनार."

पलीकडून आलेली शिवी सगळ्या गल्लीनं ऐकली. त्यानं फोन बंद केला आणि खालच्या पायरीवर मटकन बसला. कितीतरी दिवस ज्या शब्दांसाठी मी तळमळत होते ते कानावर पडले होते, आणि मला रडावंसं वाटत होतं ते आनंदानं नाही. नोकरी गेली, डबा गेला. मंजुनाथ आता परत येणार तो टेप घेऊन नव्हे.

आदिनाथनं मला उचललं, जिन्याला वळसा घालून आडवं होऊन दारातून आत नेलं आणि अंथरुणावर ठेवलं. डोक्यावर स्लॅबवरून पावलं वाजत होती. आमच्या घरात असा आवाज पहिल्यांदाच येत होता. आत्या फिरून फिरून जागा बघत होत्या, कुरडया कुठं घालायच्या ते ठरवत होत्या.

"आत्यांना खाली बोलवा," मी म्हणाले. "आणि आतनं कडी लावा."